लाल शाईच्या चार नोंदी

परभणीच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात सोमवारी अकराच्या सुमाराला पाय ठेवायला जागा नसते, तशी ती आजही नाही. रात्रभर पाऊस झालाय. पत्र्यावरून अजून पाणी ठिबकतंय आणि वकिलांनी आपापली टेबलं हातभर आत ओढून घेतलीत. सोयाबीन-कापसाची पेरणी बहुतेकांची उरकली असावी. गंगाखेड, पालम, जिंतूरकडची माणसं तारखेला आलीत आणि चपला हातात धरून चिखल चुकवत उभी आहेत.

मी बसलोय ते टेबल कामगारांचे खटले चालवणाऱ्या एका वकीलबाईंचं. कारखान्यातून काढलेले, नगरपालिकेतले रोजंदार, एजन्सीचे सिक्युरिटी गार्ड, त्यांच्याकडे येणारी माणसं बहुतेक अशीच. आज समोर बसलेला माणूस वेगळा आहे, हे त्याच्या बसण्यावरूनच कळतं. प्लास्टिकच्या डुगडुगत्या खुर्चीतही पाठ ताठ, दोन्ही हात मांड्यांवर, दाढी ताजी केलेली. वय तिशी ओलांडलेलं. पालम तालुक्यातल्या त्याच्या गावात लहानथोर त्याला मेजर म्हणतात, कारण फौजेत गेलेल्या प्रत्येकाला आपल्याकडे मेजरच म्हणतात. हा बारा वर्षं साधा शिपाई होता. मागच्या वर्षी मे महिन्यात सैन्याने त्याला घरी पाठवलंय.

सोबत बायको आहे, वडील आहेत आणि अठराएक वर्षांचा चुलतभाऊ आहे. तो सध्या रोज पहाटे गावच्या रस्त्यावर पळतो, अग्निवीर व्हायचंय म्हणून.

"जय हिंद मॅडम. लेबर कोर्टात केस टाकायची," मेजर म्हणतो. "माझ्या मामेभावाला कारखान्यानं काढलं होतं. लेबर कोर्टानं परत घ्यायला लावलं, मागच्या पगारासकट. त्याच्यावर तर चोरीचा आरोप होता. माझ्यावर तसलं काहीच नाही."

"आधी कागद बघू," बाई म्हणतात.

कागद बायकोकडे आहेत. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत तिने ते घडी न मोडता ठेवलेत, वर रबर लावून. आधी भरतीचा कागद निघतो, मग सर्टिफिकेटं, पगाराच्या स्लिपा, आणि शेवटी दोन पानी इंग्रजी आदेश. बाई चष्मा पुसून तो वाचायला घेतात. मी मान वाकवून बघतो. सेना नियम 13 चा उल्लेख आहे. हा सैनिक यापुढे उपयुक्त ठरण्याची शक्यता नाही, सबब त्याची सेवा आवश्यक नाही, असा एकूण मजकूर. दुसऱ्या पानावर तक्ता: तारीख, कलम, शिक्षा. चार ओळी. दोन ओळींत सेना अधिनियमाचं कलम 39 (बी), म्हणजे सुट्टी संपूनही हजर न होणं. दोन ओळींत कलम 63, म्हणजे शिस्तीला बाधा येईल असं वर्तन. शिक्षा 7 दिवस, 14 दिवस, 28 दिवस, पुन्हा 14 दिवस. झेरॉक्स काळी आहे, पण मूळ कागदावर या नोंदी लाल शाईच्या. फौजेत त्यांना रेड इंक एंट्रीच म्हणतात, आणि चार झाल्या की माणूस घरी, अशी बराकीतली पक्की समजूत.

"पहिली कशाची?" बाई विचारतात.

"सुट्टीवर आलतो. बाबांना लकवा झाला. नांदेडला अ‍ॅडमिट. नऊ दिवस उशीर झाला. पेशी लागली, सात दिवस क्वार्टर गार्डात कोठडी."

"दुसरी?"

"मोबाईल. जिथं बंदी होती तिथं सापडला. ती माझी चूक आहे मॅडम, मी नाही म्हणत नाही."

तिसरी पुन्हा सुट्टीची. बायकोचं पहिलं बाळंतपण अवघड गेलं, मूल काचेच्या पेटीत होतं, आणि हा एकवीस दिवस जास्त राहिला. चौथी एका हवालदाराशी झालेल्या बाचाबाचीची. ती सांगताना मेजर थांबतो. वडील मधेच बोलतात.

"आवं बाई, लेकरू तापट न्हाई वो. तिथं त्येला म्हनले, तुजा बाप कवाबी मरतुया आन् तू सुट्टी मागतुस. मंग कोनाचं डोस्कं फिरनार न्हाई?"

मेजर वडिलांकडे न बघता म्हणतो, "बाबा, राहू द्या ते."

बाई आदेश बाजूला ठेवतात आणि टेबलाच्या खणातून एक जीर्ण पुस्तक काढतात. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा. वापरून वापरून पानांच्या कडा मऊ झाल्यात. कलम 2, खंड (एस), कामगाराची व्याख्या. समासात कधीतरी ओढलेली पेन्सिलीची रेघ आहे. बाई पुस्तक फिरवून मेजरसमोर धरतात आणि बोट ठेवून मराठीत सांगत जातात: मजुरीसाठी शारीरिक, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा तो कामगार, आणि ज्याला कामावरून काढल्यामुळे वाद उभा राहिलाय तोही कामगार. इथपर्यंत मेजर मान डोलावतो. मग बोट खाली सरकतं. पण यात पुढील माणसं येत नाहीत. पहिलाच अपवाद: वायुसेना अधिनियम 1950, सेना अधिनियम 1950 किंवा नौसेना अधिनियम 1957 ज्यांना लागू आहे ते. दुसरा अपवाद पोलीस आणि तुरुंगातले कर्मचारी.

"म्हणजे मी कामगार नाही."

"कायद्याच्या लेखी नाही. त्यामुळे लेबर कोर्ट तुमचा अर्ज ऐकूच शकत नाही. तुमचं म्हणणं खरं की खोटं, इथपर्यंत गोष्ट जातच नाही."

महाराष्ट्रात कामगारांच्या हाती आणखी एक कायदा आहे, 1971 चा, कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा. या आवारात त्याला सगळे पल्प म्हणतात. कामावरून अन्यायाने काढलं तर बहुतेक तक्रारी त्याच्या चौथ्या अनुसूचीखाली होतात. मेजरच्या मामेभावाची तशीच झाली असणार. पण त्या कायद्यातला कर्मचारीही शेवटी 1947 च्या व्याख्येवरच जाऊन टेकतो, त्यामुळे तो रस्ताही बंद. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 2025 च्या नोव्हेंबरात लागू होऊन 1947 च्या कायद्याच्या जागी आली, कोर्टांची नावं आणि रचना बदलायचं ठरलं, तरी कामगाराच्या व्याख्येतली ही ओळ जशीच्या तशी पुढे आली आहे.

शेजारच्या टेबलावरचा ज्युनिअर वकील केव्हापासून कान देऊन ऐकतोय. त्याला राहवत नाही. "पण मॅडम, यांना काढून टाकलं ना? मग आता त्यांना सेना अधिनियम लागू नाही. ते आज सिव्हिलियन आहेत. सिव्हिलियन म्हणून लेबर कोर्टात का नाही?"

मुलगा हुशार आहे, आणि बाईंनाही तो प्रश्न आवडलेला दिसतो. त्या म्हणतात, ज्या नोकरीबद्दल भांडायचं ती नोकरी कोणत्या कायद्याखाली होती ते कोर्ट बघतं. शिवाय 2007 चा सशस्त्र सेना न्यायाधिकरण अधिनियम निवृत्त आणि सेवेतून गेलेल्या सैनिकालाही, त्याच्या वारसांनाही, सेवेच्या बाबतीत लागू आहे. नोकरी संपवण्याचा विषय त्याच्या कलम 3 मधल्या सेवाविषयक बाबींत नावानिशी आहे. आणि कलम 33 म्हणतं, जिथे हे न्यायाधिकरण आहे तिथे दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही. "तेव्हा ह्यांचं कोर्ट आहे. फक्त ते इथं नाही, मुंबईला आहे."

"मुंबई," वडील म्हणतात, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात.

तेवढ्यात स्टॅम्पवाले काका चहाचे कप घेऊन येतात. अर्धवट ऐकलेल्या गोष्टीवर मत द्यायची त्यांना सवय आहे. "जगात जर्मनी, भारतात परभणी," ते मेजरच्या खांद्यावर हात ठेवत म्हणतात. "परभणीच्या गड्यानं हार मानायची नसती. टाका लेबर कोर्टात, बघू काय करतेत."

"काका, जर्मनीतही सैनिकाला लेबर कोर्टात जाता येत नाही," बाई म्हणतात. "तिथं त्याला प्रशासकीय न्यायालयात जावं लागतं."

हे खरं आहे. आपली फौज ज्यांच्या साच्यातून घडली त्या ब्रिटनमध्येही सैनिकाला अन्याय्य बडतर्फीचा दावा कामगार न्यायाधिकरणात लावता येत नाही. भेदभावाची तक्रार मात्र, आधी सैन्याच्या आतल्या मार्गाने मांडून, तिथे नेता येते. सैन्य आणि कारखाना यांना एका तराजूत न घालण्याचा विचार जगभर आहे, आणि मला तो पटतो. आपल्या घटनेचं अनुच्छेद 33 संसदेला सैनिकाच्या मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार देतं, आणि त्यानुसार सैनिकाला युनियन काढता येत नाही. नागरी सरकारी नोकराला बडतर्फीआधी चौकशीचं जे संरक्षण अनुच्छेद 311 देतं, तेही सैनिकाला नाही. बर्फातल्या चौकीवर दिलेला हुकूम बरोबर होता की चूक, याचा निवाडा वेतन आणि बोनसचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधीशाने करावा असं कोणी म्हणणार नाही. पण इतकं सगळं ज्याने सोडलं, त्याच्यासाठी सरकारचं देणं वाढतं, असं मला ठामपणे वाटतं. संप नाही, संघटना नाही, शेजारचं कोर्ट नाही. मग जे एक दार ठेवलंय ते त्याला माहीत तरी असायला हवं. समोर बसलेल्या माणसाला ते चौदा महिने माहीत नव्हतं.

या चौदा महिन्यांत तो कुठे कुठे गेला ते त्याची बायको सांगते. आधी पुढाऱ्याच्या ऑफिसात. मग महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिनाला. तिथून अर्ज परत आला, विषय या कार्यालयाशी संबंधित नाही असा शिक्का घेऊन. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, माजी सैनिकाचं ओळखपत्र मिळतं का बघायला. तिथल्या साहेबांनी नीट बसवून समजावलं, पण नियम दाखवला. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणाने कमी केलेला माणूस माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही. "म्हणजे बगा मॅडम," ती म्हणते, "हे कामगार न्हाईत, सरकारी नोकर न्हाईत, माजी सैनिक बी न्हाईत. मंग बारा वर्सं ते व्हते कोन?"

कोणी उत्तर देत नाही. बाई वहीत काहीतरी लिहून घेतात.

स्टॅम्पवाले काका जाता जाता चंदू चव्हाणचं नाव काढतात. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचा जवान, 2016 च्या सप्टेंबरात, सर्जिकल स्ट्राइकच्या दिवशी, नियंत्रण रेषा ओलांडून पलीकडे गेला, आणि 21 जानेवारी 2017 रोजी पाकिस्तानने त्याला वाघा सीमेवर परत सोपवलं. सगळ्या महाराष्ट्राने आनंद केला होता. पुढे सैन्याने त्याला लष्करी न्यायालयासमोर उभं केलं. "तवा वाटलं व्हतं, इतकं सोसून आलेल्याला बी सोडत न्हाईत," काका म्हणतात. चुलतभाऊ डोळे मोठे करून ऐकतोय. त्याला काही विचारायचंय, पण थोरांमध्ये तोंड उघडायला तो कचरतो.

लष्करी न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध स्वतंत्र अपिलाची सोयच पूर्वी नव्हती. 1982 मध्ये लेफ्टनंट कर्नल पृथीपाल सिंह बेदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. 1999 मध्ये विधी आयोगाने 169 व्या अहवालात न्यायाधिकरणाची शिफारस केली. कायदा 2007 मध्ये झाला आणि कामकाज 2009 मध्ये सुरू झालं. दिल्लीला मुख्य पीठ, आणि महाराष्ट्र, गुजरात, गोव्यासाठी मुंबईचं खंडपीठ. पीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक सैन्यातून निवृत्त झालेला वरिष्ठ अधिकारी बसतो. म्हणजे समोर मांडलेली क्वार्टर गार्डची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सत्तावीस वर्षं लागली या एका गोष्टीला. तोवर किती मेजर अशाच पिशव्या घेऊन फिरले असतील.

"आता नीट ऐका," बाई मेजरला म्हणतात. आवाज बदललाय, कामाचा झालाय. "चार लाल नोंदी झाल्या की माणूस आपोआप बाद, हे खरं नाही. वीरेंद्रकुमार दुबे नावाच्या जवानाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ऑक्टोबर 2015 चा निकाल आहे. कोर्ट म्हणालं, चार नोंदी झाल्या म्हणजे एवढंच की त्याला ठेवायचं की नाही याचा विचार करायला हरकत नाही. तो विचार करताना आधी निष्पक्ष चौकशी झाली पाहिजे. सेना मुख्यालयाचं 1988 च्या डिसेंबरातलं पत्र आहे, त्यातच हे लिहिलंय. नोकरी किती झाली, अवघड ठिकाणी किती काळ काढला, परिस्थिती काय होती, हे सगळं बघायचं असतं. तुमची अशी चौकशी झाली?"

मेजर आठवून बघतो. "कारणे दाखवा नोटीस आली होती. क्लार्कने सांगितलं, दोन ओळीत माफी लिही, जास्त लिहिलं तर साहेब चिडतील. मी हिंदीत लिहून दिलं, आयंदा ऐसी गलती नहीं होगी."

"नोटिशीच्या आधी कोणी बोलावलं, विचारलं, साक्षी घेतल्या?"

"नाही मॅडम."

"अवघड पोस्टिंग?"

"सियाचीनला एकदा. दोनदा काश्मीर."

बाई हे सगळं लिहितात. सियाचीन शब्दाखाली दोन रेघा. मग त्या बायकोकडे वळून सावधपणे सांगतात, की दुबेंना मागचा पगार मिळाला नव्हता. पण पेन्शनला लागणारी नोकरी पूर्ण होईपर्यंत ते सेवेतच होते असं धरलं गेलं, आणि पेन्शन मिळाली. शिपायाला पेन्शनसाठी पंधरा वर्षं लागतात. मेजरची बारा झालीत. "तसंच तुमचंही होईल असं मी म्हणत नाही. प्रत्येक केस वेगळी. पण मामेभावासारखा मागचा पगार डोक्यात ठेवू नका. पेन्शन डोक्यात ठेवा."

वडिलांना सुट्टीचं दुःख जास्त आहे. "आवं, टायमाला सुट्टी वाडवून दिली आसती तर ह्ये काय झालंच नसतं. सुट्टी का दिली न्हाई, ह्ये त्या मुंबईच्या कोर्टात इचारा की."

इथे बाई थबकतात. कायद्यात एक टोचणारी जागा आहे. न्यायाधिकरण नोकरी संपवल्याचा विषय ऐकतं, पण रजा, बदली, पोस्टिंग या गोष्टी सेवाविषयक बाबींतून मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. सुट्टी नाकारली म्हणून वेगळी दाद तिथे मागता येत नाही. ज्या सुट्टीपायी नोकरी गेली ती सुट्टी विषय होत नाही, नोकरी मात्र होते. बाई वडिलांना एवढंच सांगतात, की सुट्टीवर वाद घालता येणार नाही, पण त्यांचा लकवा आणि बाळाची काचेची पेटी या दोन्ही गोष्टी 'परिस्थिती काय होती' या सदरात येतात. "नांदेडच्या दवाखान्याचे कागद आहेत का?"

बायको पिशवीत हात घालते. आहेत. दोन्ही दवाखान्यांचे.

आता चुलतभाऊ धीर करून विचारतो, "मॅडम, अग्निवीरालाबी असंच?"

असंच. चार वर्षांचा करार असला तरी त्याला सेना अधिनियम लागू आहे, म्हणून लेबर कोर्ट त्यालाही नाही आणि न्यायाधिकरण त्यालाही आहे. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढे घेतले जातात. बाकीचे परत येतील ते पंचविशीच्या आतबाहेर, आणि त्यांतले कितीतरी कुठल्यातरी गेटवर गार्ड म्हणून उभे राहतील. गंमत म्हणून हे मी सांगत नाही: त्या गेटवर काम करताना एजन्सीने काढलं, तर तोच मुलगा कामगार ठरतो आणि हेच लेबर कोर्ट त्याला उघडं असतं. पोराला मी हे सांगतो तेव्हा तो नुसती मान हलवतो. त्याचा विचार उद्या पहाटेच्या सोळाशे मीटरवर आहे, आणि त्या वयात तो तिथेच असावा.

बाईंचा चेहरा मात्र आता चिंतेचा झालाय. बोटांवर महिने मोजताहेत. "आदेश मागच्या मे महिन्यातला. न्यायाधिकरणात सहा महिन्यांत जायचं असतं. चौदा झाले. उशीर माफ करायचा अर्ज द्यावा लागेल, आणि चौदा महिने लेबर कोर्ट-लेबर कोर्ट करत होतो हे कारण..." त्या वाक्य पुरं करत नाहीत. मग विचारतात, "आदेशानंतर सैन्याकडेच काही अर्ज केला होता? वरच्या साहेबांकडे?"

"न्हाई," वडील म्हणतात.

"केला होता," बायको म्हणते.

सगळे तिच्याकडे बघतात. मेजरसुद्धा. तो म्हणतो, तो नाही गं, तो तर आपल्या गावच्या सुभेदारकाकांनी असाच लिहून दिलेला. ती ऐकत नाही. पिशवीच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढते. एक हस्तलिखित अर्जाची झेरॉक्स, हिंदीत, सुवाच्य लष्करी अक्षरात. सेवा में, थलसेनाध्यक्ष. नोकरीचा तपशील, चार शिक्षा, बापाचा आजार, पुन्हा सेवेत घेण्याची विनंती, खाली मेजरची सही. आणि त्याला टाचणीने लावलेली पोस्टाची रजिस्टरची पावती. शाई फिकी पडलीय. बाई ती उन्हाकडे धरून वाचतात. तारीख 12 ऑगस्ट, मागच्या वर्षीची. सोबत परत आलेली पोचपावतीही आहे, दिल्लीच्या शिक्क्याची.

"उत्तर आलं?"

"न्हाई आलं. मी पोस्टमनला दर आठवड्याला इचारती."

बाई खुर्चीत पुढे सरकतात. कायद्याचं दुसरं पुस्तक काढतात, हे पातळ आहे आणि कोरं आहे, या टेबलावर त्याची गरज क्वचितच पडत असणार. कलम 21: आधी सैन्याच्या आतला उपाय वापरून झाला पाहिजे, पण अर्ज करून सहा महिन्यांत निर्णय आलाच नाही, तर तो उपाय वापरला असं धरायचं. कलम 22: असे सहा महिने उलटल्यापासून पुढच्या सहा महिन्यांत न्यायाधिकरणात यायचं. बाई कागदावर लिहितात. 12 ऑगस्ट. त्याखाली 12 फेब्रुवारी. त्याखाली 12 ऑगस्ट, यंदाची, आणि तिच्याभोवती गोल काढतात.

आज जुलैचा पहिला आठवडा आहे.

"मुदतीत आहात," त्या म्हणतात. "सरकारी वकील म्हणतील, हा अर्ज कलम 26 च्या रीतीने वरिष्ठांमार्फत आला नाही. म्हणू देत, त्यावर बोलता येईल. उशिरमाफीचा अर्जही सोबत जोडून ठेवू, सावधगिरी म्हणून. पण आपल्या हातात महिनाभर आहे."

मेजर पावतीकडे बघत राहतो. बारा वर्षं त्याने हुकूम पाळले, आणि त्याची नोकरी वाचवण्याची एकुलती कायदेशीर हालचाल ज्या कागदाने झाली त्याला तो 'असाच लिहिलेला' म्हणत होता. यात त्याचा दोष नाही. त्या दोन पानी आदेशात चार कलमांचे आकडे आहेत, नियमाचा आकडा आहे, कुठलं सामान कुठे जमा करायचं तेही आहे. या आदेशाविरुद्ध कुठे जायचं, किती दिवसांत जायचं, हे एका ओळीतही नाही. ती एक ओळ, जवानाला कळेल अशा भाषेत, नोकरी संपवणाऱ्या प्रत्येक आदेशाखाली छापायला काय खर्च येतो? बारा वर्षं सीमेवर उभ्या राहिलेल्या माणसाला एवढंही कळवलं जात नसेल, तर न्यायाधिकरण आहे असं म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. मला याहून जास्तही हवंय. छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. मुंबईच्या न्यायाधिकरणाने वर्षातून काही आठवडे तिथे बसावं, म्हणजे मराठवाड्यातल्या जवानाला प्रत्येक तारखेला रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडून मुंबई गाठावी लागणार नाही.

"आणि तिथं हरलो तर?" मेजर विचारतो. फौजीचा प्रश्न आहे, माघारीचा रस्ता आधी बघून ठेवणारा.

"तर उच्च न्यायालय," बाई सांगतात. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने ते दार जवळजवळ लावून घेतलं होतं. न्यायाधिकरणानंतर थेट दिल्लीच, आणि तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असेल तरच. साध्या जवानाच्या दृष्टीने ते लावलेलंच दार. 21 मार्च 2023 रोजी परशोत्तम दास यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की अनुच्छेद 226 खालचा उच्च न्यायालयाचा अधिकार असा काढून घेता येत नाही. "पण ते पुढचं. आधी हे."

फीचा विषय निघतो तेव्हा वडील जागच्या जागी चुळबुळतात. यंदाच्या बियाण्याचे पैसे अजून दुकानदाराचे द्यायचेत. बाई म्हणतात, मी लेबरवाली, न्यायाधिकरणाचं काम मी करत नाही. मुंबईत ते करणारे एक ओळखीचे वकील आहेत, सैन्यातूनच निवृत्त झालेले, त्यांना फोन करते. मसुदा मी इथं करून देते, त्याचे पैसे नकोत. विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय याच इमारतीत आहे, तिथे उत्पन्नाच्या दाखल्यावर मोफत वकिलासाठी अर्ज टाकून ठेवा. आणि वकील नाही मिळाला तरी न्यायाधिकरणात सैनिकाला स्वतः उभं राहून बोलता येतं, कायद्यात तशी तरतूद आहे.

"मी बोलेन," मेजर म्हणतो.

"तुम्ही तारखा विसरता," बायको म्हणते. "मी येते संगं."

टायपिस्ट मोकळा झालाय. बाई त्याला खुणेने बोलावतात आणि उभ्या उभ्याच सांगायला लागतात: सशस्त्र सेना न्यायाधिकरण, प्रादेशिक खंडपीठ, मुंबई. मूळ अर्ज, कलम 14 अन्वये. अर्जदाराचं नाव, क्रमांक, हुद्दा. मेजर आपला नंबर घडाघडा म्हणून दाखवतो, मधे श्वास न घेता. प्रतिवादी एक, भारत सरकार, संरक्षण मंत्रालयामार्फत सचिव. प्रतिवादी दोन, थलसेनाध्यक्ष. टायपिस्टची बोटं कीबोर्डवर चालताहेत. परिच्छेद पहिला, अर्जदार हा परभणी जिल्ह्यातील पालम तालुक्याचा रहिवासी असून...

"इंग्रजीत हवं ना मॅडम?" टायपिस्ट विचारतो.

"आधी मराठीत घे. ह्यांना वाचून दाखवते, काही चुकलं असेल तर सांगतील. मग इंग्रजी करू." बाई बायकोकडे वळतात. "ताई, ती रजिस्टरची पावती मला द्या, आणि पोचपावती. आणि चुलतभावाला झेरॉक्सला पाठवा. सहा-सहा प्रती काढा, शाई फिकी आहे, डार्क करायला सांगा."

चुलतभाऊ पावत्या शर्टाच्या आतल्या खिशात घालून, चिखलाची पर्वा न करता, झेरॉक्सच्या दुकानाकडे पळतो.